कॅसेटचं कपाळ

सिदू भंगारवाल्यानं शाळेतल्या अकराही संगणकांवर खडूनं वजनं लिहून टाकली, तेव्हा कावेरी शेजारच्या वर्गात नववीला बीजगणित शिकवत होती. तिला पत्ता लागला तो मधल्या सुट्टीत. खोली उघडून पाहते तो पहिल्या मशिनावर 'अडीच', दुसऱ्यावर 'अडीच', तिसऱ्यावर 'अडीच' आणि सातव्यावर 'पावणेतीन'. सातव्याच्या पोटात तिनं गेल्याच वर्षी दुसरा जाडजूड ट्रान्सफॉर्मर बसवला होता, त्यामुळे ते पावकिलोनं भारी झालं होतं. माणसाची नजर पक्की आहे, हे तिनं मनातल्या मनात कबूल केलं, आणि मग तिला असा राग आला की खडूचा डबाच्या डबा तिनं उचलून कपाटात कुलूपबंद केला.

ही गोष्ट शहाण्णव सालची, परळीतल्या मुलींच्या शाळेतली. मशिनं आली होती सत्त्याऐंशीत, कुठल्याशा सरकारी योजनेतून. घरगुती संगणक म्हणायचे त्यांना. कळा असलेला एक चपटा डबा, तो टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्राम साध्या गाण्याच्या कॅसेटवर भरून ठेवायचा. बाकीच्या शाळांनी ती मशिनं कपाटात ठेवून वर गणपतीची आरास ठेवली. कावेरीनं मात्र औरंगाबादला तीन आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलं आणि परत आली ती भूत लागल्यासारखी. पुढं देशाची दारं उघडली, बाहेरची मशिनं आत आली, आणि ब्याण्णव साली ही मशिनं बनवणाऱ्या कंपनीनं हात वर केले. सुट्या भागांसाठी कावेरीनं पाठवलेलं पत्र 'पत्त्यावर कोणी नाही' असा शिक्का घेऊन परत आलं. तेव्हा ती दिंद्रुडपासून धारूरपर्यंतच्या शाळा पालथ्या घालून आली, कपाटांतली मेलेली मशिनं आणि धूळ खात पडलेल्या कॅसेटी मागून आणल्या आणि आपली अकरा जिवंत ठेवली.

परळीत मशीन जिवंत ठेवायचं म्हणजे राखेशी उभा दावा. थर्मलच्या, म्हणजे वीजकेंद्राच्या, चिमण्यांतून राख येते आणि वाळत घातलेल्या साडीपासून उघड्या ताटापर्यंत सगळ्यावर बसते. कावेरीनं जुन्या साड्यांची झाकणं शिवली होती आणि टेपरेकॉर्डरचं डोकं ती रोज स्पिरिटच्या कापसानं पुसायची. नऊ वर्षांत राखेचा एक कण तिनं आत जाऊ दिला नव्हता.

संस्थेचे अध्यक्ष सुंदरराव. सिरसाळ्याकडचे मोठे बागाईतदार, साखर कारखान्याचे संचालक, आणि बोलणं असं की समोरच्याला आपण हो म्हटल्याचं घरी गेल्यावर कळावं. त्यांनी ऑफिसासाठी दोन नवे रंगीत संगणक मागवले होते आणि ही अकरा भंगारात काढायचं ठरवलं होतं.

"साहेब, मुलींनी कशावर शिकायचं?" कावेरीनं विचारलं.

"नवे येणारेत की, बाई. बगतील लांबून."

"लांबून बगून पोळीसुदिक लाटता येत न्हाई."

सुंदरराव हसले. त्यांना तोडीस तोड बोलणारं माणूस आवडायचं, फक्त त्याचं ऐकायचं नसायचं. कावेरीनं तेवढ्यात घाव घातला. कारखान्याच्या सिरसाळा गटात उसाच्या चौदाशे नोंदी होत्या. कोणाचा ऊस कधी तोडायचा याची यादी लागवडीच्या तारखेप्रमाणे लावायची असा नियम होता, पण हातानं कार्डं लावायला गट ऑफिसाला तीन आठवडे लागायचे, आणि त्या तीन आठवड्यांत कार्डांना पाय फुटायचे. मागचं कार्ड पुढं, पुढचं मागं. मग हंगामभर लोक सकाळी सकाळी सुंदररावांच्या दारात उभे, 'माझा नंबर कावून मागं पडला?'

"ती यादी मी ह्या मशिनांवर लावून देते," कावेरी म्हणाली. "पाच मिनटांत."

"पाच?"

"चार म्हणणार होते. लाइटीचा भरवसा न्हाई म्हणून एक जास्त धरलं."

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी दोन वाजता दाखवा," सुंदरराव उठत म्हणाले. "जमलं तर बोलू. न्हाई जमलं तर सिदू हातगाडा घिऊन दारात हायच."

*

कावेरी पाच मिनिटं म्हणाली ती बढाई नव्हती, पण त्यामागं चार वर्षांची मेहनत होती.

ही मशिनं मुळात मंद. प्रोग्राममधली ओळ वाचायची, तिचा अर्थ लावायचा, काम करायचं, आणि तीच ओळ पुन्हा आली की पुन्हा वाचून पुन्हा अर्थ लावायचा. म्हणजे एखाद्या सुनेनं शंभर भाकरी करताना दर भाकरीला 'भाकरी कशी करावी' हे पुस्तक पहिल्यापासून वाचावं तसं. चौदाशे नोंदी लावायला मशिनाला तीन तास लागत. आणि परळीत, जिथं अख्ख्या महाराष्ट्राची वीज तयार होते त्या परळीत, सलग तीन तास लाइट राहत नसे. दोन तासांनी जायचीच. पडदा काळा, सगळं शून्य, पुन्हा पहिल्यापासून. त्या वेगानं यादी दहा वर्षांतसुद्धा झाली नसती.

म्हणून कावेरीनं कंपायलर लिहिला. प्रोग्राम एकदाच वाचायचा आणि तो सगळाच्या सगळा मशिनाच्या आकड्यांच्या भाषेत करून टाकायचा. मग पुस्तक नको, नुसत्या भाकरी. मुली त्याला 'गिरणी' म्हणायच्या, कारण एकीकडून दाणे टाकायचे आणि दुसरीकडून पीठ. सहा हजारांवर आकड्यांची ती गिरणी चोवीस तुकड्यांत कॅसेटवर भरलेली होती. दुसरी प्रत उन्हाळ्यात टेपरेकॉर्डरनं खाल्ली होती, नवी करायची राहून गेली होती. तेवढी एक ढिलाई झाली होती खरी.

त्या खोलीत आणखी एक शिस्त होती. पडद्यावर किंवा कागदावर जे काही येईल ते मुलींनी वहीत उतरवायचं. 'लाइट जाते, कंपनी जाते, वही जात न्हाई,' असं कावेरी पहिल्या दिवशी सांगायची आणि मग सांगावं लागायचं नाही. प्रत्येक मुलीच्या वाट्याला गिरणीचे दोन दोन तुकडे आले होते, शेवटचे दोन कावेरीनं स्वतः घेतले होते. अर्थ न कळताही मुलींनी ते आकडे उतरवले, खाली बेरीज मारली आणि बेरीज चुकली तर पान फाडून पुन्हा लिहिलं. हळूहळू काहींना अर्थही कळू लागला. सातव्या मशिनावर बसणाऱ्या शिवानीला तर इतका कळू लागला की तिनं कावेरीची एक चूकच काढून दाखवली. त्या दिवशी कावेरीनं घरी शिरा केला होता.

नोंदी मुलींनी भरल्या. लागवडीच्या तारखा, प्लॉटचे नंबर, सगळं तपासून झालं. यादीचा प्रोग्रामही तयार झाला. आता तो फक्त गिरणीतून काढायचा होता. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दुपारी कावेरीनं गिरणीची कॅसेट लावली, निम्मी मशिनात चढली आणि लाइट गेली. पाच वाजेपर्यंत वाट पाहिली. आली नाही. तिनं कॅसेट तशीच काढली आणि पर्समध्ये टाकली. 'कॅसेट रिवाइंड केल्याबिगर काढायची नाही' म्हणून मुलींना हज्जारदा बोलणारी बाई त्या दिवशी कॅसेट अर्ध्यावरच घेऊन घरी गेली.

कॅसेट घरी न्यायचं कारण सासूबाई. गंगासागरबाईंनी आधीच बजावून ठेवलं होतं, "उद्या खंडेनवमी हाय. आपला बसवेश तराजू आणतोय दुकानातून. तुझं पण हत्यार आण पूजेला. अख्खं मशीन नगं, जे काय मुख्य आसंल ते."

मुख्य ते म्हणजे गिरणीच. कावेरीला बरंही वाटलं होतं. तिच्या कामाला हत्यार म्हणणारं घरात पहिलंच माणूस.

नवमीला सकाळी गंगासागरबाईंनी पाटावर सगळं मांडलं. तराजू, वजनं, कात्री, विळी आणि मधोमध कॅसेट. लिंगायताच्या घरातली पूजा, म्हणजे विभूती आलीच. पाण्यात कालवलेली विभूती तीन बोटांनी तराजूच्या दांडीवर ओढली, विळीच्या कपाळी ओढली, आणि कॅसेट हातात घेऊन त्या थबकल्या. हिचं कपाळ कुठलं? वर प्लॅस्टिक, खाली प्लॅस्टिक. फिरवून फिरवून पाहिलं तर एका कडेला खिडकी होती आणि तिच्यात तपकिरी, मऊ, चकचकीत काहीतरी दिसत होतं. जीव असलेला भाग तो एवढाच, असं त्यांनी ठरवलं. हिशोब अगदी बरोबर होता. त्यांनी तिथं तीन बोटं दाबून तीन रेघा ओढल्या आणि नमस्कार केला.

कावेरी आंघोळ करून बाहेर आली तोवर विभूती वाळली होती.

तिनं कॅसेट उचलून पाहिली, फितीवर तीन रेघा चिकटल्या होत्या. कॅसेट पूर्ण रिवाइंड केलेली असती तर खिडकीत नुसती कोरी पांढरी पट्टी आली असती; तिच्यावर काही भरलेलं नसतं, तिथं अख्खा भस्माचा गोळा फासला असता तरी बिघडलं नसतं. अर्ध्यावर काढून आणली तिनं स्वतः. स्पिरिटच्या कापसानं तिनं हळूच पुसायला घेतलं, तर विभूतीबरोबर फितीचा तपकिरी मुलामाही निघून आला. नऊ वर्षं थर्मलची राख अडवली आणि आत गेली ती देवाची. तिला हसावं की रडावं कळेना.

"काय झालं गं?" गंगासागरबाईंनी विचारलं. सुनेच्या हातातला कापूस पाहून त्यांचा चेहरा उतरला. "माझ्या हातनं काय बिगडलं का?"

"तुमच्या हातनं न्हाई, आत्याबाई. माझ्या."

"दुरुस्त व्हतंय ना?"

"व्हतंय," कावेरी म्हणाली. कसं ते तिला त्या क्षणी माहीत नव्हतं, पण होईल हे माहीत होतं.

संध्याकाळी नवऱ्याच्या, बसवेशच्या टेपरेकॉर्डरवर कान लावून तिनं कॅसेट ऐकली. गिरणीचा तो किरकिर आवाज तिच्या ओळखीचा; तुकडा संपला की मध्ये एक लांब शीळ येते. तिनं शिळा मोजल्या. तेरा तुकडे ठणठणीत. चौदाव्याच्या मध्यावर आवाज बसला, खरखरला आणि पुन्हा सुरू झाला. पंधरा ते चोवीस ठणठणीत. तिनं टेप बंद केला आणि आरामात जेवायला बसली. चौदावा तुकडा सातव्या मशिनाच्या वाट्याचा होता.

*

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अकरा वाजता शाळा भरली. शिवानीनं वही उघडली आणि कावेरीशेजारी उभी राहून चौदाव्या तुकड्याचे आकडे वाचायला लागली. दोनशे छप्पन्न आकडे. ती वाचायची, कावेरी कळा दाबायची, बाकीच्या दहाजणी श्वास धरून उभ्या. शेवटचा आकडा टाकून कावेरीनं मशिनाला बेरीज विचारली. वहीतल्या बेरजेपेक्षा नऊनं जास्त आली.

"नऊचा फरक," कावेरी म्हणाली. "म्हंजे कुठंतरी दोन आकडे उलटे पडले. माझे का तुझे?"

"तुमचे, बाई," शिवानी पटकन बोलून गेली आणि मग जीभ चावली. "मी एकशे चौतीस म्हणलं व्हतं, तवा तुमी थांबलात जरा. तिथं बगा."

एकशे त्रेचाळीस पडले होते. कावेरीनं ते दुरुस्त केले, बेरीज जुळली, आणि तिनं गणिताच्या बाईंना न शोभेल अशी शिवानीच्या पाठीवर थाप मारली. अर्ध्या तासात गिरणी उभी राहिली. यादीचा प्रोग्राम त्यात घातला, पीठ निघालं, आणि एक वाजता नेहमीप्रमाणे लाइट गेली. पण तोवर पीठ नव्या कॅसेटवर भरून झालं होतं. दोन प्रती. दोन्ही रिवाइंड केलेल्या.

दोनच्या ठोक्याला सुंदरराव आले, सव्वादोनला लाइट आली. दारात सिदू हातगाड्याच्या दांड्यावर बसून तंबाखू मळत होता. कावेरीनं कॅसेट चढवली, चौदाशे नोंदी चढवल्या, आणि सुंदररावांना मनगटावरचं घड्याळ बघायला सांगितलं.

तीन मिनिटं पन्नास सेकंदांनी पडद्यावर 'झाले' असं आलं.

"एवढ्यात?" सुंदरराव म्हणाले.

"तुमी म्हणत असाल तर अजून जरा वेळ थांबवते."

प्रिंटर कुरकुरायला लागला. यादी लांबलचक होती, कागदाची घडी उलगडत खाली येत होती, म्हणून सुंदरराव मोठ्या बाईंच्या खोलीत चहाला गेले. चहा, त्यावर पोहे, त्यावर गप्पा. ते परत आले तेव्हा सव्वाचार वाजत होते. यादी टेबलावर तयार होती. आपला प्लॉट नंबर त्यांना तोंडपाठ होता: एक हजार सत्तावीस, केसरबाईंच्या, म्हणजे त्यांच्या मंडळींच्या नावावरचा. बोट पहिल्या पानावरून फिरलं. दुसऱ्या. पाचव्या. दहाव्या पानावर त्यांनी चष्मा काढून पुसला. मग बोट एकदाचं थांबलं.

"सहाशे अकरा?"

"होय," कावेरी म्हणाली.

"मशीन बिगडलं असंल."

"बिगडलं असतं तर सगळेच नंबर बिगडले असते. तुमची लागवड गेल्या दिवाळीनंतरची हाय, साहेब. कार्डावर सही तुमचीच हाय."

सुंदररावांनी खोलीत नजर फिरवली. अकरा मुली बाकांजवळ उभ्या होत्या. त्यांनी आवाजात साखर घातली. "झालं की काम, पोरींनो. लई हुशार हाय तुमी. जावा आता, साडेचारची दिंद्रुड गाडी चुकंल."

मुलींनी कावेरीकडं पाहिलं. तिनं मान हलवली. अकरा दप्तरं पाठीवर चढली आणि चपलांचा आवाज व्हरांड्यातून दूर गेला. सुंदररावांनी दार लोटलं आणि ते सातव्या मशिनासमोर, शिवानीच्या स्टुलावर बसले.

"बाई, सरळ बोलतो. खोली ऱ्हाईल. मशिनी ऱ्हातील. सिदूला आत्ताच्या आत्ता माघारी लावतो. तेवढं सहाशे अकराचं अकरा करा. करता येतंय ना?"

येत होतं. एक तारीख बदलायची, चार मिनिटं थांबायचं आणि नवा कागद काढायचा. कावेरीनं खोलीभर पाहिलं. साड्यांची झाकणं, खडूची वजनं, नऊ वर्षं. खोटं कशाला सांगायचं, तिच्या मनात आलं, एका उसाच्या फडापायी पोरींची खोली का घालवायची? फक्त एकच नंबर. लाज वाटली, तरी आलं. तिची नजर रिकाम्या बाकांवरून फिरली आणि तिथंच अडकली. सकाळी तिथं अकरा वह्या होत्या.

तिला एकदम मोकळं वाटलं.

"येतंय," ती म्हणाली. "चार मिनटांचं काम. पण साहेब, मुली गेल्या."

"मीच घालवल्या की. तुमच्या-माझ्यात ऱ्हाईल."

"वह्या घिऊन गेल्या. तुमी चहाला गेलतात तवा कागद जसा भाईर यील तसा त्यांनी उतरवून घेतला. आपापल्या गावाचे नंबर, आणि एक हजार सत्तावीस कुणाचा, ते तर शेंबड्या पोराला ठावं हाय. तोबी घेतला असंल."

सुंदरराव स्टुलावरून पुढं झुकले. "कुणी सांगितलं त्यास्नी लिवायला?"

"कुणी न्हाई. नऊ वर्षांची सवय हाय ह्या खोलीची."

बाहेर स्टँडच्या बाजूनं एसटीचा भोंगा वाजला. सुंदररावांनी घड्याळात पाहिलं. पांगरी, मोहा, सिरसाळा, दिंद्रुड. दिवेलागणीच्या आत त्यांचा नंबर चार गावांत पोचणार होता, आणि गाडीत त्यांनीच बसवून दिला होता.

"बदललं तर?" त्यांनी विचारलं. विचारण्यात आता जोर नव्हता.

"तर वह्यांत एक नंबर आणि गट ऑफिसाच्या बोर्डावर दुसरा."

"आणि मशिनी मोडीत काढल्या तर?"

"तर लोक म्हणतील, नंबर मागं आला म्हणून साहेबांनी मशीनच मोडलं."

सुंदररावांनी सहाशे अकरावर पुन्हा बोट ठेवलं. राजकारणात तीस वर्षं काढलेला माणूस. कुठली बाजू पडली आणि पडलेल्या बाजूचं काय करता येतं, हे त्यांना लवकर कळायचं. त्यांच्या मिशा हलल्या, मग खांदे हलले, आणि मग ते खोखो हसायलाच लागले.

"म्हंजे यंदा दारात कुणी आलं तर मी म्हणायचं, बाबा, माझाच सहाशे अकरा हाय, तू कशाला रडतोस?"

"तसंच म्हणायचं."

"बाई, तुमी निवडणुकीला उभ्या ऱ्हाऊ नका कधी," असं म्हणून ते उठले आणि त्यांनी दार उघडलं. "सिदू! गाडा घिऊन जा बे. काय मिळायचं न्हाई हितं."

सिदू तंबाखू थुंकून आत आला. "आन् हे खडूचं, साहेब?"

"तू लिवलंस, तूच पूस."

सिदू खांद्यावरच्या फडक्यानं एकेक वजन पुसायला लागला. सुंदरराव उंबऱ्यात थांबले. "किती सालं टिकतील ह्या?"

"सांगता येत न्हाई," कावेरी म्हणाली. "एक मेलं की त्याचे भाग काढून दुसरं चालवते. पुढच्या दसऱ्याला दहा असतील, का नऊ. यादी लावायला एक पुरतं."

"मंग पुढच्या दसऱ्यालाबी लावा," म्हणून ते गेले.

कावेरीनं टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. कॅसेट घरघरत मागं फिरत राहिली आणि शेवटी खट्‌ करून थांबली. तिनं ती बाहेर काढून उजेडात धरली. खिडकीत कोरी पांढरी पट्टी आली होती. तिनं कॅसेट पर्समध्ये टाकली. आता आत्याबाईंनी खुशाल हवी तेवढी विभूती लावावी.